पाचव्या (शेवटच्या) अवस्थेचा दहावा दिवस, तरी निम्म्या रेशीम अळ्या कोष करेनात

तुती_मोहोळ: दुबार (वर्षाला दोन पिढ्यांच्या) जातीचे १५० अंडीपुंज. चौथी कात सगळ्यांनी बरोबरच टाकली. निम्मे कोष झाले, बाकीच्या अळ्या अजून पाला खातायत. अंगाने टपोऱ्या, मरतुक नाही. शेड २५-२६ अंशांवर. बांधाला डाळिंबाची बाग आहे. ही ग्रासरी (अळ्यांचा विषाणूजन्य रोग) असेल का?

रेशीम_पंढरपूर: दादा, ग्रासरीची अळी सांध्यांवर सुजते, चकाकते आणि रॅकच्या कडेने फिरत राहते. चार-पाच अळ्यांचा पोटाखालचा पाय कातरून बघा. थेंब दुधासारखा आला तर ग्रासरी, स्वच्छ आला तर नाही.

तुती_मोहोळ: बघितलं. थेंब स्वच्छ आहे.

कीटक_सोलापूर: मग फवारणीचा संशय घ्या. अळीच्या अंगात बाल्य संप्रेरक असेपर्यंत ती कात टाकून पुन्हा अळीच होते. पाचव्या अवस्थेत ते ओसरतं, कात टाकण्याचं संप्रेरक वाढतं, अळी खाणं सोडते, अंगाने पारदर्शक होते आणि धागा काढते. २५ अंशांना याला सात-आठ दिवस लागतात. पायरीप्रॉक्सिफेन, फेनॉक्सिकार्ब ही कीटकनाशकं बाल्य संप्रेरकाचीच नक्कल करतात. पाल्यावर त्यांचा अंश आला की अळीला कोषाकडे वळायचा निरोपच पोचत नाही. ती खात राहते आणि शेवटी तशीच मरते.

इथेच फसगत होते. साध्या कीटकनाशकाचा पाला थोड्या अळ्यांना घालून बघितला तर त्या बहुधा दिवसभरात ओकतात, डोकं हलवतात. हे औषध त्या चाचणीत सापडत नाही, कारण परिणाम कोषाच्या वेळीच दिसतो. म्हणून पाला कोणत्या ओळीतून कोणत्या दिवशी कापला, हे वहीत लिहा. उरलेल्या अळ्यांचा पाला बांधाकडचा होता का, ते आताच आठवून बघा.

रेशीम_पंढरपूर: पक्वता आणणारं 'संपूर्णा' ५ ते १० टक्के अळ्या पिकायला (कोषासाठी तयार व्हायला) लागल्यावर, सगळ्या एकदम पिकाव्यात म्हणून देतात. ते विषबाधेवरचं औषध नव्हे, त्यावर खर्च करू नका. आता पाला वाया घालवू नका, या अळ्या वेगळ्या काढून पुरा. बांधाकडच्या ओळी छाटा आणि तिथला पाला पुढच्या बॅचला, निदान पाचव्या अवस्थेत तरी, देऊ नका. बागवाल्याला फवारणीआधी औषधाचं नाव आणि तारीख विचारा; वारा तुतीकडे असेल तर फवारा पुढे ढकलायची विनंती करा.

तुती_मोहोळ: त्या रॅकांना बांधाच्याच ओळींचा पाला होता. बागेतल्या औषधाचं नाव आज विचारून इथे टाकतो.