ऑनलाइन वर्गात सगळे गप्प का?

गणनयंत्र
संख्याशास्त्राची तोंडओळख, ३० जण, आठवड्याला दोन थेट तास, बाकी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. व्हिडिओ बघितले जातात, पण थेट तासाला 'काही शंका?' विचारलं की शुकशुकाट. ब्रेकआउट रूममध्ये (छोट्या गटांच्या वेगळ्या ऑनलाइन खोल्यांत) पाठवलं तर तिथेही तेच. हाच विषय प्रत्यक्ष वर्गात शिकवताना गोंगाट आवरावा लागतो. कॅमेरा सक्तीचा करावा का? की काही गोष्टी ऑनलाइन जमतच नाहीत हे मान्य करून टाकावं?

तिसरा_बाक
'काही शंका?' हा प्रश्नच काढून टाका. वर्गात शेजारच्याला ढोसून 'इथे एक वजा का केला?' असं हळूच विचारता येतं. ऑनलाइन तीच शंका म्यूट काढून तीस जणांपुढे मांडावी लागते. आपलं अज्ञान कोण चव्हाट्यावर मांडेल?

दुसरं कारण तांत्रिक. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात. आवाज पोचायलाच तेवढा वेळ लागला की दोघे एकदम बोलतात, एकदम थांबतात, मग 'तुम्ही बोला', 'नाही, तुम्ही बोला'. हे दोनदा झालं की तिसरा तोंडच उघडत नाही.

यावर उपाय असा: प्रश्न स्क्रीनवर लिहा. सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये टाइप करायचं, पण एंटर दाबायचं नाही. ४०-५० सेकंदांनी तुम्ही 'आता' म्हणालात की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. नाहीतर पहिलं उत्तर आलं की बाकीचे त्याचीच री ओढतात. तोंडी प्रश्न विचारलात तर मनात दहा मोजा. शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब, विचार केलेली येतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं. ऑनलाइन म्यूट काढण्यातच तीन सेकंद जातात.

उजळणी
+१. ब्रेकआउटचं म्हणाल तर 'चर्चा करा' ही सूचनाच घात करते. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी हार्वर्डमध्ये १९९० च्या सुमारास रुजवलेली पद्धत ऑनलाइनही चालते. एक बहुपर्यायी प्रश्न द्या, प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचं, निकाल दाखवायचा नाही. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तरच खोल्यांत पाठवा, 'दुसऱ्याला पटवा' एवढंच काम देऊन. परत आले की पुन्हा मतदान. ७० च्या वर असतील तर चर्चेत दम नसतो. ३० च्या खाली असतील तर चुकीचंच एकमेकांना पटवतात, तेव्हा आधी पुन्हा शिकवा. तुमच्या विषयात '९५ टक्के विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल, नमुन्यावरून काढलेला अंदाजाचा पट्टा) म्हणजे नेमकं काय?' हा प्रश्न हमखास वर्ग फोडतो.

खोलीत तिघे ठेवा. दोघांत एकाचं नेट गेलं की दुसरा भिंतीशी बोलतो, पाचांत दोघे लपतात. वेळ ६-७ मिनिटं. सूचना सामायिक दस्तऐवजात आधीच चिकटवा, कारण खोलीत शिरल्यावर तुमची स्लाइड सहसा दिसत नाही आणि 'काय करायचं होतं?' यात दोन मिनिटं जातात. प्रत्येक गटाने त्याच दस्तऐवजात एक ओळ लिहायची. गट किमान महिनाभर तेच ठेवा. दर वेळी नवे चेहरे आले तर ओळख करून घेण्यातच वेळ संपतो.

गणनयंत्र
तिघांचा गट करून बघतो. कॅमेऱ्याचं काय?

तिसरा_बाक
सक्ती नको. कुणाचं नेट पुरत नाही, कुणाच्या मागे सगळं घर दिसतं. शिवाय कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो, त्यामुळे नजरेला नजर मिळतच नाही. मोठ्या वर्गात बंद, तिघांच्या खोलीत चालू, एवढीच विनंती करा.

ब्युरेट
सगळं भरून काढता येतं असा समज मात्र नको. रसायनशास्त्रातलं अनुमापन (टायट्रेशन) घ्या. एका हाताने ब्युरेटची (थेंब थेंब द्रावण सोडणाऱ्या खुणांच्या नळीची) तोटी, दुसऱ्याने शंकुपात्र फिरवत राहायचं, आणि फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या दर्शकाची पहिली टिकून राहणारी फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. व्हिडिओत रंग दिसतो, पण तुमचं मनगट फिरवायचं थांबलंय हे शेजारी उभ्या असलेल्यालाच दिसतं. शेजारच्या टेबलावर कुणी जास्त थेंब सोडून गडद गुलाबी करून ठेवतो, त्यावरूनही बाकीचे शिकतात.

बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिन चिनी भाषेचे ध्वनी ओळखायला शिकली, तोच मजकूर टीव्हीवर ऐकून नाही. मोठ्यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही, पण माणूस समोर असण्याचा शिकण्याशी काहीतरी संबंध आहे.

एमआयटी-हार्वर्डच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१२ ते २०१८ दरम्यान नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आत डोकावलेही नाहीत. यावरून ऑनलाइनला झोडपणं सोपं आहे, पण पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसणाऱ्यांत पूर्ण करणारे कितीतरी पटीने जास्त होते. 'मी यात आहे' हे कशाने तरी ठरावं लागतं.

उजळणी
म्हणूनच पहिल्याच आठवड्यात गट ठरवून टाका आणि दोन तास गैरहजर राहिलेल्याला निरोप त्याच्या गटातल्याने पाठवायचा, तुम्ही नाही.

गणनयंत्र
गटाच्या त्या एका ओळीला गुण द्यायचे का?

उजळणी
नको. गुण आले की तिघांतला हुशार एकटाच लिहितो. त्याऐवजी कोणतीही एक ओळ निवडा आणि ती ज्याने लिहिली नाही त्याला समजावून सांगायला लावा.