टीएसआर नेमकी कोणी बुडवली?

वझीर:
‘लॉरेन विल्यम्स यांना खेळातले काही कळत नव्हते, म्हणून टीएसआर बुडाली,’ हे ‘फासा’ यांचे विधान मला अन्यायकारक वाटते. टीएसआर म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढणारी अमेरिकी कंपनी आणि विल्यम्स तिच्या शेवटच्या मालक. खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांच्या हातून कंपनी १९८५ मध्ये गेली, पण त्याआधीच भागीदार ब्लूम बंधूंच्या काळात ती कर्ज आणि नोकरकपात यांत सापडली होती. विल्यम्स यांनी ती पुढे दहा वर्षांहून अधिक काळ चालवली. खरा फास होता पुस्तके दुकानांत पोहोचवणाऱ्या रँडम हाऊसबरोबरचा करार. माल त्यांच्या गोदामात पोहोचला की उचल मिळे आणि न खपलेला माल परत आला की ती फेडावी लागे, त्यामुळे जुने देणे भागवण्यासाठी सतत नवे काही छापणे भाग पडे. १९९६ मध्ये कादंबऱ्या आणि ‘ड्रॅगन डाइस’ हा फाशांचा खेळ मोठ्या प्रमाणावर परत आले, छापखान्याची बिले थकली, त्याने काम थांबवले आणि १९९७ च्या सुरुवातीला लेक जिनिव्हा या अमेरिकेतल्या गावी असलेल्या कंपनीतून नवे काहीच बाहेर पडेना.

फासा:
करार घातक होता हे मान्य करतो, पण काय छापायचे हे रँडम हाऊसने ठरवले नव्हते. फरगॉटन रेल्म्स, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट अशी त्या एकाच खेळासाठी काल्पनिक जगांमागून जगे काढली गेली आणि एकाचा खेळाडू दुसऱ्याचे पुस्तक घेईनासा झाला. शिवाय ज्या बक रॉजर्स या चित्रकथांतल्या अंतराळवीराचे हक्क विल्यम्स यांच्याच कुटुंबाकडे होते, त्याच्यावर कंपनीने खेळ काढले. याला कारभार म्हणायचे का?

कवडी:
परतीच्या मालाला तुम्ही दुय्यम समजता, कारण तो तुमच्या घरात कधी आला नसावा. माझ्या वडिलांचे छोटे प्रकाशन होते. एका वितरकाने वर्षभर मागणी वाढवत नेली आणि नंतर कोपरे दुमडलेली, विकता न येणारी पुस्तके एकदम परत पाठवली. छपाईचे पैसे मात्र आम्हीच दिले. वितरकाच्या मागणीला विक्री समजण्याची चूक शहाणी माणसेही करतात.

फासा:
आपल्या वडिलांबद्दल मला आदर आहे, पण विषय टीएसआरचा आहे. त्यांच्याकडे परतीचे आकडे येत होते आणि ते वाचणे हे मालकाचे काम होते.

कवडी:
विषय तोच आहे. उचल आधीच खर्च झालेली असेल, तर आकडे वाचूनही छपाई थांबवता येत नाही. थांबलात की त्याच दिवशी देणे अंगावर येते. ज्याने हे सोसलेले नाही त्याने मालकाच्या अकलेचे माप काढू नये.

सोंगटी:
विकत घेणाऱ्यांनी काय पाहिले, तेही लक्षात घ्यावे. ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळाच्या यशावर उभ्या असलेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टच्या पीटर अ‍ॅडकिसन यांनी १९९७ मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलरच्या व्यवहारात कंपनी घेतली, तेव्हा तिच्यावर तीन कोटींहून अधिक देणे होते. व्यवहारासाठी लेक जिनिव्हाला गेलेल्या रायन डॅन्सी यांनी नंतर लिहिले की ग्राहकांना काय हवे, हे विचारल्याची खूणच तिथे सापडली नाही.

वझीर:
डॅन्सी हे विकत घेणाऱ्या बाजूचे होते, त्यामुळे त्यांची साक्ष मी जपूनच घेईन. तरी ग्राहकांना विचारले नाही हा दोष विल्यम्स यांच्याच पदरी जातो, एवढे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ‘खेळातले कळत नव्हते’ हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांना खेळ उत्तम कळत होता, त्या गायगॅक्स यांच्या डोळ्यांदेखत ही कंपनी पहिल्यांदा गाळात गेली होती.