मदत हवी आहे: चाळकेवाडीच्या पठारावर आडव्या वाऱ्यात सायकल कशी सांभाळावी?

गेल्या रविवारी साताऱ्याहून ठोसेघरमार्गे चाळकेवाडीच्या पठारावर सायकलने गेलो होतो. चढ धापा टाकत का होईना, निभावला. परंतु पवनचक्क्या दिसू लागल्या आणि पावसाळी पश्चिम वारा उजवीकडून असा काही लागला की सायकल दोनदा साइडपट्टीच्या चिखलात उतरली. (पवनचक्क्या असतात तिथे वारा असणारच, हे घरी परतल्यावर सौभाग्यवतींनी लक्षात आणून दिले.) सायकल सरळ हँडलची हायब्रिड आहे, हँडलला पुढे पिशवी असते आणि अंगात सैल पोंचो होता. झोत आला की मी हँडल घट्ट आवळत होतो, तरीही पुढचे चाक वळतच होते. सर्वांत भीती वाटली ती एसटी मला ओलांडून जाताना, कारण सायकल बाहेर ढकलली जाण्याऐवजी एसटीकडेच गेली. हे कशामुळे होते, आणि अशा वेळी हँडल व ब्रेक कसे वापरावेत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: उजवीकडच्या वाऱ्याला तोलण्यासाठी आपण नकळत उजवीकडे कललेले होता. एसटीने वारा अडवताच तो रेटा नाहीसा झाला आणि उरलेला कल आपल्याला तिच्या बाजूला घेऊन गेला. ती पुढे गेली की तोच वारा पुन्हा एकदम आदळतो. वाऱ्याच्या आवाजात मागची गाडी ऐकू येत नाही, म्हणून आरसा बसवावा, आणि मोठे वाहन दिसताच वेग उतरवून दोन्ही बाजूंना थोडी जागा राहील असे चालवावे.

पिशवी आधी हँडलवरून काढून मागे कॅरिअरला, शक्य तितकी खाली बांधावी, कारण वारा तिच्यावर आदळून चाकच वळवतो. पोंचोऐवजी अंगाबरोबर बसणारा रेनकोट घ्यावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, आणि पोंचो शिडासारखा फुगतो. हँडल आवळल्यास अंगाला बसलेला प्रत्येक हिसका चाकापर्यंत पोचतो, तेव्हा कोपरे सैल, धड खाली वाकलेले आणि पायडल हलके फिरते ठेवावे. ओल्या उतारावर झोत अंगावर असताना पुढचा ब्रेक करकचून दाबू नये. झाडीचा किंवा दरडीचा आडोसा संपण्याआधीच वेग कमी करावा.

परतताना हाच वारा डावीकडून येऊन आपल्याला रस्त्याच्या मध्याकडे, समोरच्या वाहनांपुढे ढकलतो. तो उघडा टप्पा मी स्वतः दोनदा सायकल हातात धरून चालत पार केला आहे.