थंडी सरली, नव्या वेलीला तुम्ही कसं सांभाळलंत?

मागच्या जुलैत मधुमालती लावली, गच्च वाढली, आणि जानेवारीत पानं पिवळी होऊन गळाली, आता नुसत्या काड्या उभ्या आहेत. सासूबाई म्हणतात थांब जरा, बाकी सगळे म्हणतात उपटून टाक. मला ती वेल फार हवीये हो, संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं पुढे गुलाबी आणि मग लाल होतात, ते आईच्या अंगणात बघत वाढलेय मी. पहिल्या थंडीनंतर तुम्ही काय केलंत? सविस्तर लिहा.

*

अजिबात उपटू नका! आमच्या नाशिकच्या थंडीत मधुमालती पानं टाकतेच. काडी नखाने जराशी खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं लागलं तर अजून खाली खरवडत या. माझी वरची दीड फूट वाळली होती, तेवढीच कापली, मार्चमध्ये बुंध्यातून चार फुटवे आले.

*

मी पाण्याचं सांगते. पानं गळलेल्या जुईला तहान लागली असेल म्हणून रोज पाणी घालत राहिले आणि मुळं कुजली, कुंडी उलटी केली तर काळी पडलेली. पानंच नाहीत तर वेल पाणी ओढणार किती! आता मातीत बोट घालून बघते, दोन पेरं कोरडं लागलं तरच घालते. शेणखत कोंब दिसल्यावर, मूठभर, खोडापासून लांब.

*

न्यू जर्सीतून लिहितोय, माझी क्लेमॅटिस नावाची फुलवेल आहे. बर्फानंतर काड्या मेल्यासारख्याच दिसतात, पण छाटायच्या आधी जात बघा. उन्हाळ्यात उशिरा नव्या फुटीवर फुलणारी असेल तर थंडी संपता संपता जमिनीपासून फूटभर वर, टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीवर कापायची. वसंतात लवकर फुलणारी जुन्या काडीवर फुलते, ती फुलं होऊन गेल्यावरच छाटायची. मी न बघता सरसकट कापली, त्या वसंतात एक फूल नाही, फार वाईट वाटलं.

*

कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतो, रोज पानं उलटून बघा, दिसला की पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढा. आणि वेलीला आधाराची सुतळी आत्ताच बांधा, सैल.

*

सगळ्यांचे आभार! आत्ता खरवडून आले. दोन काड्या कोरड्या निघाल्या, तिसरीवर वीतभर उंचीवर हिरवी रेघ दिसली, सासूबाईंना हाताला धरून दाखवली.