रोब्लॉक्समध्ये नऊवारी करतेय, पदर खांद्यावर जुळत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लेकीच्या रोब्लॉक्स या ऑनलाइन गेममधल्या अवतारासाठी (पात्रासाठी) जांभळी नऊवारी करतेय, हिरव्या नारळी काठाची. चोळी आणि पदर शर्टच्या टेम्प्लेटवर (कपड्याचे तुकडे मांडलेला तयार साचा), काष्टा पँटच्या. दोन्ही ५८५ बाय ५५९ पिक्सेलची.

काष्टा मनासारखा जमला. हे कपडे म्हणजे अंगावर चिकटवलेलं सपाट चित्रच, त्यामुळे प्रत्येक निरीच्या कडेला एक गडद रेघ आणि तिला लागून फिकी रेघ ओढली, तेव्हा कुठे चुण्या उठून दिसल्या. मागचा खोचलेला सोगा तर फारच छान आलाय.

अडलंय पदराशी. छातीचा तुकडा १२८ बाय १२८, खांद्यांचा वरचा १२८ बाय ६४. पुढून तिरका चढणारा काठ डाव्या खांद्यावर पोचला की तुटतो आणि पाठीवर भलतीकडेच उतरतो. पाठीचा तुकडा आडवा उलटवूनही पाहिला. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढते, रोब्लॉक्स स्टुडिओत अवतारावर चढवून तपासते.

हे तुकडे शिवणीशी नेमके कसे जुळवायचे? आणि पदरावरचा मोर इतक्या कमी पिक्सेलमध्ये ओळखू येईल असा कुणी काढलाय का? माझा नुसता हिरवा ठिपका दिसतो. की सरळ ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकून थ्रीडी कपडाच करावा? लेकीला गुढीपाडव्याला नेसवायचीय.