युक्रेन समजून घ्यायचा आहे, सुरुवात कुठून करू?

पानगळ (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या वाचन गटात दर दोन महिन्यांनी एक देश घेतो. यावेळी युक्रेन. २०२२पासून नाव रोज कानावर पडतंय, पण युद्धाआधीच्या हजार वर्षांबद्दल आमची पाटी कोरी आहे. जे हाताला लागतं त्यात युक्रेन रशियाच्या इतिहासातलं एखादं प्रकरण असल्यासारखा येतो, आणि ते खटकतं.

चार गोष्टी सांगाल का? इतिहास कोणत्या क्रमाने वाचावा? नावं कशी उच्चारायची? शाकाहारी लोकांना घरी करता येईल असा एखादा पदार्थ (मापांसकट)? आणि गटातल्या दोघा-तिघांना प्रत्यक्ष जायचंय, ते आत्ता शक्य आहे का?

---

उंबरठा

राजांच्या याद्या पाठ करायला बसू नका, तिसऱ्या दिवशी कंटाळाल. चार ठिकाणं घ्या. प्रत्येक ठिकाणी इतिहासाचा एक थर उघडतो.

पहिलं कीव. इ.स. ९८८मध्ये राजा व्होलोदिमिरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि प्रजेलाही त्यात आणलं. त्याचा मुलगा यारोस्लाव. त्याच्या काळातलं सेंट सोफिया कॅथीड्रल आजही उभं आहे. आत हात उंचावून प्रार्थना करणारी मेरी आहे, जवळपास सहा मीटर उंचीचं मोझेइक. यारोस्लावची मुलगी आन्ना फ्रान्सची राणी झाली. या राज्याला 'रूस' म्हणत, आणि गोंधळ इथूनच सुरू होतो, कारण नावावरून ते थेट रशियाशी जोडलं जातं. मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख ११४७चा आहे. तोवर सोफिया बांधून शंभर वर्षं होत आली होती. १२४०मध्ये मंगोलांनी कीव उद्ध्वस्त केलं आणि तिथून रूसच्या प्रदेशांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

दुसरं ठिकाण झापोरिझ्झ्या शहरातलं खोर्तित्सिया बेट. 'झा-पोरिझ्झ्या' म्हणजे 'नदीतल्या खडकाळ धावत्यांच्या पलीकडचा मुलूख'. त्या धावत्या आता दिसत नाहीत, १९३२च्या धरणाने बुडवल्या. हा कोसॅकांचा, म्हणजे सीमेवर स्वतंत्रपणे राहणाऱ्या लढवय्यांचा प्रदेश. त्यांच्या छावणीला 'सिच' म्हणत, आणि तिथला सरदार सभेत निवडला जाई. १६४८मध्ये बोहदान ख्मेल्नित्स्कीने पोलिश सत्तेविरुद्ध उठाव केला. इकडे शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची पहिली वर्षं चालू होती, त्यामुळे सन लक्षात ठेवायला सोपं जाईल. तुलना मात्र तिथेच थांबवा. या उठावात ज्यूंच्या मोठ्या कत्तली झाल्या, त्या वगळून हे पर्व वाचू नये. १६५४मध्ये पेरेयास्लावला मॉस्कोच्या झारशी करार झाला. कोसॅकांच्या लेखी ते संरक्षणासाठी केलेलं सख्य होतं, झारच्या लेखी शरणागती. पुढचा सगळा वाद या एका कागदाच्या दोन अर्थांवर उभा आहे. १७७५मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने सिच मोडून टाकली.

तिसरं ल्विव. आधी पोलंड, १७७२पासून ऑस्ट्रिया, पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा पोलंड, १९३९पासून सोव्हिएत. रशियन साम्राज्यात युक्रेनियन छपाईला बंदी होती तेव्हा ती पुस्तकं इथे निघत. म्हणून ल्विव वाचल्याशिवाय युक्रेनियन साहित्य टिकलं कसं हे कळत नाही.

चौथं खार्किव, आणि माझ्या मते गटाने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. १९३४पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी हीच होती. १९२०च्या दशकात इथे लेखक, नाटककार, चित्रकारांची एक विलक्षण पिढी जमली. लेखकांनी सहकारी तत्त्वावर बांधलेली 'स्लोव्हो' ही इमारत आजही आहे. त्यातल्या बहुतेक बिऱ्हाडांतून माणसं अटकेत गेली, आणि १९३७मध्ये अनेकांना गोळ्या घातल्या. दरम्यान १९३२-३३चा होलोदोमोर, म्हणजे उपासमारीने केलेली हत्या. धान्याची अशक्य सक्तीवसुली, शेतातली कणसं उचलली तरी तुरुंग किंवा मृत्युदंड (७ ऑगस्ट १९३२चा कायदा), काळ्या यादीतल्या गावांना माल बंद, आणि जानेवारी १९३३पासून शेतकऱ्यांना युक्रेनबाहेर पडायला मनाई. मृतांचे बहुतेक अंदाज ३५ ते ५० लाखांच्या दरम्यान आहेत. १ डिसेंबर १९९१च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याला कौल दिला, त्यामागचं ओझं हे वाचल्यावर कळतं.

---

अक्षरवेल

वर उंबरठा यांनी छान मांडलंय. एक भर: छपाईबंदी एकदम आली नाही. १८६३च्या गुप्त आदेशाने धार्मिक आणि शालेय पुस्तकं बंद झाली, ललित साहित्याला वाट उरली होती. १८७६च्या फर्मानाने अनुवाद, नाटकाचे प्रयोग आणि बाहेरून पुस्तकं आणणंही बंद केलं. याआधी कवी आणि चित्रकार तारास शेव्हचेन्को होऊन गेला. भूदासाच्या घरी जन्म, १८१४. त्याची चित्रकला पाहून मित्रांनी एका चित्राची सोडत काढली आणि १८३८मध्ये २,५०० रूबल भरून त्याला मालकाकडून सोडवलं. १८४७मध्ये झारने त्याला सैन्यात हद्दपार केलं, लिहायला आणि चित्रं काढायला मनाई करून. गटात एकच माणूस घ्यायचा असेल तर हा घ्या.

आता उच्चार. इथे मराठी माणसाची बाजू फार भक्कम आहे, आणि हे कोणी सांगत नाही.

मोठ्या गॅमासारखं दिसणारं अक्षर रशियनमध्ये 'ग', युक्रेनियनमध्ये 'ह'. हा 'ह' घोष आहे, अगदी आपल्या 'हात'मधल्यासारखा. इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जड जातो, आपल्याला शिकावाच लागत नाही. म्हणून 'बोहदान', 'बोगदान' नव्हे.

आपल्याकडे 'च' दोन आहेत: 'चाक'मधला आणि 'चिमणी'मधला. युक्रेनियनमध्ये या दोन्हींना स्वतंत्र अक्षरं आहेत. 'ज'चेही दोन आवाज आहेत, 'जग'मधला वेगळा, 'जीव'मधला वेगळा, पण ते प्रत्येकी दोन अक्षरं जोडून लिहितात. रोमनमधून 'टी-एस' वाचून 'ट्स' म्हणू नका, सरळ 'चाक'चा च लावा. 'व'सुद्धा आपलाच चालतो.

अडेल ते एका स्वराशी. उलट्या रोमन 'एन'सारखं अक्षर म्हणजे इ आणि ए यांच्या मधला स्वर. साधा टिंबवाला 'आय' म्हणजे आपला इ. दोन टिंबांचा 'आय' म्हणजे 'यि', आणि तो रशियनमध्ये नाहीच. एखाद्या पाटीवर तो दिसला की मजकूर रशियन नाही हे पक्कं. राजधानीच्या नावात तो इ-ए मधला स्वर आणि हा 'यि' लागोपाठ येतात, त्यामुळे जवळचा उच्चार 'कीयिव'. आपली वर्तमानपत्रं 'कीव' छापतात. मराठीत त्या शब्दाचा अर्थ दया, एवढ्या कारणासाठीही 'कीयिव' लिहावं असं मला मनापासून वाटतं.

आणि संबोधन! रशियनमध्ये ती विभक्ती जवळपास गेली, युक्रेनियनमध्ये ती रोज वापरतात. आपण 'देव'ला हाक मारताना 'देवा' म्हणतो तसंच: तारासला हाक 'तारासे', ओक्सानाला 'ओक्सानो', आणि आईला, म्हणजे 'मामा'ला, 'मामो'. शिष्टाचाराचे तीन शब्द पुरेत: 'दोब्रिय देन' (नमस्कार, दिवसा), 'द्याकुयु' (धन्यवाद), 'बुद् लास्का' (कृपया). होकार 'ताक', नकार 'नी'.

---

चुलखंड

पदार्थ बोर्श्च, म्हणजे बिटाचं आंबटसर सूप, हाच करा. युक्रेनियन बोर्श्च रांधण्याची परंपरा १ जुलै २०२२ रोजी युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत गेली. मांसाशिवाय बोर्श्च ही तडजोड नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बारा उपवासी पदार्थ मांडतात, त्यात मशरूमच्या पाण्यातलं बोर्श्च असतं. (२०२३पासून तिथे नाताळची सुट्टी ७ जानेवारीऐवजी २५ डिसेंबरला आहे. जुनी पुस्तकं वाचताना हे लक्षात ठेवा.)

सहा जणांसाठी: वाळलेले मशरूम ३० ग्रॅम (नसतील तर ताजे २०० ग्रॅम, तपकिरी होईपर्यंत परतून), पांढरा राजमा १०० ग्रॅम रात्रभर भिजवून वेगळा शिजवलेला, बटाटे ३, कोबी २५० ग्रॅम, बीट ३०० ग्रॅम, गाजर १, कांदा १, टोमॅटो ३, तमालपत्र २, मिरे ८-१०, लसूण ५ पाकळ्या, साखर १ चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा, शेपू मूठभर, पाणी अडीच लिटर.

मशरूम अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, ते पाणी गाळून अडीच लिटरमध्येच धरा, आणि मशरूम त्यात २० मिनिटं उकळा. बटाट्याचे तुकडे टाका, १० मिनिटं. मग कोबी, ५-७ मिनिटं, मग राजमा, तमालपत्र, मिरे, मीठ. तोवर दुसऱ्या कढईत थोड्या तेलावर बिटाच्या काड्या घाला आणि लगेच व्हिनेगर व साखर. झाकून मंद आचेवर १५ मिनिटं. तिसरीकडे कांदा-गाजर परतून त्यात टोमॅटोचा रस आटवा. बटाटा पूर्ण शिजल्यावरच हे दोन्ही पातेल्यात घाला, ५ मिनिटं मंद ठेवा, आता खळखळून उकळी नको. गॅस बंद करून ठेचलेला लसूण आणि चिरलेला शेपू, आणि झाकण. अर्धा तास तरी हात लावू नका. दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं.

शेपू आपण परतून भाजी करतो. तिथे तो शेवटी कच्चाच पडतो आणि सगळा वास त्याचा असतो. हळद, जिरं, फोडणी काही नको, एवढा मोह आवरा. वर 'स्मेताना' हे आंबट घट्ट क्रीम घालतात. त्याऐवजी सायीच्या दह्याचा चक्का, दोन चमचे ताजी साय घालून फेटलेला. तो पातेल्यात कधीच नाही, फाटतो. वाढलेल्या वाडग्यात घाला. नाताळच्या संध्याकाळी मात्र तोही नाही, दूध-दुभतं वर्ज्य.

---

रूळपट्टी

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: पर्यटक म्हणून आत्ता जाऊ नका. २४ फेब्रुवारी २०२२पासून प्रवासी विमानांसाठी आकाश बंद आहे, लष्करी कायदा आणि रात्रीची संचारबंदी आहे, क्षेपणास्त्रं आघाडीपासून शेकडो किलोमीटर लांबच्या शहरांवरही पडतात. बहुतेक प्रवासविम्यांतून युद्धाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं, म्हणजे दवाखान्याचा खर्च पूर्ण तुमच्यावर. भारतीय दूतावासाची सूचना हा शेवटचा शब्द माना.

पुढे कधी वाट मोकळी झाली आणि पोलंडमार्गे रेल्वेने जायचं ठरलं तर एक चूक टाळा. पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, युक्रेन नाही. एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा घेतलात तर युक्रेनमध्ये शिरताना तो संपतो आणि परतीला सीमेवर अडकता. किमान दोन प्रवेशांचा घ्या, युक्रेनचा व्हिसा वेगळा. सीमेवरच्या प्शेमिशल स्टेशनात गाडी बदलावी लागते याचं कारण रूळ: पोलंडकडे १,४३५ मिलिमीटर, युक्रेनमध्ये १,५२०. तपासणीसाठी हाताशी तीन तास ठेवा, लगेचची जोडगाडी धरू नका.

दहा दिवसांची आखणी मी अशी करेन: कीयिव ४, ल्विव ३, चेर्निव्त्सी आणि कोलोमिया मिळून ३. कोलोमियात मेणाने नक्षी लिहून रंगवलेल्या अंड्यांचं, म्हणजे पिसांकांचं संग्रहालय आहे. चेर्निव्त्सीचं विद्यापीठ ज्या बिशपनिवासात आहे तो जागतिक वारसा आहे. कीयिवमध्ये आर्सेनाल्ना मेट्रो स्टेशन बघाच, जमिनीखाली १०५ मीटर. मे-जून किंवा सप्टेंबर. लाव्रा मठात बायकांनी डोक्यावरून ओढणी घ्यावी.

तोवर ज्यांची मुलंबाळं कॅनडात आहेत त्यांना जवळची वाट आहे. अल्बर्टात १८९०च्या दशकापासून युक्रेनियन शेतकरी वसले. एडमंटनच्या पूर्वेला ५० किलोमीटरवर त्यांच्या जुन्या घरांचं, चर्चांचं आणि धान्यकोठाराचं उघडं संग्रहालय आहे. हंगाम उन्हाळ्याचा, निघण्याआधी तारखा बघा. त्याच रस्त्याने तेवढंच पुढे गेलं की व्हेग्रेव्हिलला १९७५मध्ये उभारलेलं अवाढव्य पिसांका, वाऱ्याबरोबर फिरणारं.

---

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. खार्किवपासून सुरुवात करायची असं गटात ठरलं. चुलखंडताई, काल बोर्श्च केलं. चव छान, पण बटाटे दीड तास उकळूनही कडकच राहिले आणि रंग विटकरी झाला. कुठे चुकलं?

---

चुलखंड

टोमॅटो किंवा व्हिनेगर बटाट्याच्या आधी पातेल्यात गेलं असणार. भाजीच्या पेशी ज्या पेक्टिनने चिकटलेल्या असतात ते आंबटात लवकर सुटत नाही, म्हणून बटाटा दिवसभर उकळला तरी मऊ होत नाही. विटकरी रंगाचं कारण ते दीड तास. बिटाचा लाल रंग उष्णतेने मोडतो आणि आंबट असलं तर जास्त टिकतो. म्हणूनच बीट वेगळं, व्हिनेगरसकट आणि सर्वांत शेवटी. उरलेलं फेकू नका: एक कच्चं बीट किसून पिळा, त्या रसात अर्धा चमचा व्हिनेगर घाला आणि गरम करून गॅस बंद केल्यावर मिसळा. रंग परत येईल. बटाटे काढून कुस्करा आणि पुन्हा आत घाला, रस्सा थोडा दाट होईल, बिघडणार नाही.