आधी हॉल, पण सहीपूर्वी जेवणाच्या पानांचा हिशेब

३०० पाहुण्यांचं लग्न बजेटात बसवायचं तर आधी हॉल धरायचा की केटरर, असा प्रश्न आहे. आधी हॉल. बऱ्याच कार्यालयांत केटरर त्यांचाच असतो, त्यामुळे दुसरा प्रश्न तिथेच निकालात निघतो. दोन-तीन मुहूर्त हाताशी ठेवून चौकशी करा. आठवड्याच्या मधल्या वारचा मुहूर्त चालत असेल तर भाड्यात घासाघीस करता येते.

खरा पैसा जातो पानांत. करारात किमान पानांचा आकडा असतो, माणसं कमी आली तरी तेवढ्याचे पैसे द्यावेच लागतात. ३०० अपेक्षित असतील तर किमान २५० लिहून घ्या, आणि वरच्या पानांना तोच दर राहील हेही. बुफेत बहुधा ताटल्या मोजतात. एकानेच दुसरी ताटली उचलली की दोन पानं लागतात. म्हणून आपला एक माणूस ताटल्यांपाशी उभा करा. सुरुवातीला मांडलेल्या आणि शेवटी उरलेल्या ताटल्या लिहून मॅनेजरची सही घ्या. (हे काम गप्पिष्ट मामांना देऊ नका.) बँडवाले, फोटोग्राफर, ड्रायव्हर यांची पानंही यादीत धरा, ती हमखास विसरतात.

जीएसटी, वीज, जनरेटरचं डिझेल, सफाई हे दरात आहे का? बाहेरचा डेकोरेटर आणला तर वेगळे पैसे लागतात का? हॉल किती वाजता रिकामा करायचा तेही विचारा. लग्न लांबलं की जादा तासांचे पैसे अनामतीतून कापतात. संध्याकाळी रिसेप्शन असेल तर लाउडस्पीकर रात्री १० ला बंद, हे धरूनच वेळ छापा.